कमरेएवढ्या उंचीवरचा पूरदगड

मित्रांनो, जर्मनीतल्या लिंडफुर्ट गावच्या नदीकडच्या वेशीत बसवलेला मी एक जुना दगड आहे. चारशे वर्षांपूर्वी माइन नदीचं पाणी जिथवर चढलं, तिथेच पाथरवटाने मला भिंतीत बसवून ही आडवी रेघ कोरली. तेव्हा मी उंच माणसाच्याही डोक्याच्या वर होतो.

दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी प्रार्थना आटोपली की आया मुलांना खांद्यावर घेऊन माझ्यापाशी येत. मूल रेघेला हात लावी. "पीठ याच्या वर ठेवायचं बरं का," आई बजावी. गल्लीतल्या साऱ्या फळ्या माझ्याच मापाने ठोकलेल्या असत.

मग गावाचा वारसा पाहायला पाहुणे येऊ लागले. वेशीची डागडुजी निघाली. पाहुण्यांना नीट दिसावं, म्हणून मला उपटून कमरेएवढ्या उंचीवर बसवलं. मी दगड, ओरडणार कसा?

एका शनिवारी पाहुण्यांच्या घोळक्यात वाल्बुर्गा उभी होती. तिने गल्लीत नुकतीच बेकरी घेतली होती. माहिती सांगणाऱ्या एल्केबाईंनी माझ्यावर बोट ठेवलं. "पाणी इथवर आलं होतं."

म्हातारा नावाडी क्विरिन तिथेच पाईप ओढत होता. "एल्के, हा दगड माझ्या टोपीच्या वर होता गं."

"लहानपणी सगळंच उंच दिसतं, आजोबा."

"लहानपणी? नातवाला खांद्यावर घेऊन त्याचा हात लावलाय मी याला."

पाहुणे हसले आणि पुढे गेले. वाल्बुर्गाने मात्र एप्रनच्या नाडीने माझी उंची मापली आणि पिठाची फळी त्या मापाच्या वीतभर वर ठोकली.

पुढच्या मार्चमध्ये नदी वेशीतून आत शिरली. पाणी माझ्या रेघेच्या हातभर वर गेलं. ईस्टरच्या पावांसाठी भरलेली सगळी पोती भिजली. चिखलातून वाट काढत वाल्बुर्गा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "तुझ्या भरवशावर होते रे मी."

"त्याला काय बोलतेस," क्विरिन म्हणाला. "खाली आणला आपण."

इतकी वर्षं खरं बोलून मी खोटा ठरलो. नंतर गावाने माझा चिखल धुतला, वर काचही लावली. उंची मात्र तीच ठेवली. पाहुणे वाकून माझा फोटो काढतात आणि मी मुकाट्याने खोटं सांगत राहतो.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची तर तिची जागाही जपा. मला आणखी घासूनपुसून लख्ख करू नका. मी होतो तिथे मला वर नेऊन बसवा.