तानूबाईची उतरलेली गाठ

लोणीच्या पाराभोवती त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कळंबपासून माणसं गाड्या करून आली होती. पारावर हौशीराम महाराज. पूर्वी हे आळेफाट्यावर पंक्चर काढायचे, आणि ते काम निदान खरं तरी होतं.

महाराजांपुढे तानूबाई बसली होती, नवसू मेंढपाळाची बायको. तिच्या गळ्यावर पेरूएवढी गाठ. आडवं पडलं की तिचा जीव घुसमटायचा. मंचरच्या डॉक्टर अश्विनीताईंनी ऑपरेशन सांगितलं होतं, पुण्याची तारीखही मिळाली होती.

"माय, हनुवटी छातीला लाव! दम धर!" महाराज गरजले. अंगठ्याने त्यांनी गाठ खाली दाबली, हळदीचा लेप थापला, वर काळ्या लोकरीचा पट्टा आवळला. "गेली गाठ! पण मान वर करायची न्हाई, खोकायचं न्हाई. देव कोपंल!"

खरंच, गाठ दिसेना. चांगभलंच्या गजरात माझ्यासारख्या शाळामास्तराचं कोण ऐकतो?

नवसूच्या डोळ्यांत पाणी होतं. मेंढराच्या जबड्याखालची सूज उतरली की मेंढरू वाचलं, हे त्याचं जन्माचं गणित. तेच त्याने बायकोला लावलं.

"गुरुजी, सूज उतरली. आता कशाला गळा कापायचा? आपरेशन नाय करायचं."

मला संताप आला. मी अश्विनीताईंना फोन केला. त्या तडक आल्या आणि तानूबाईजवळ बसल्या.

"मावशी, पट्टा सोडा. मान वर करा आणि खोका."

"अहो बाई, देवाच्या कामात..." महाराज चुळबुळले.

तानूबाई खोकली. गाठ टुणकन वर आली!

"आता दोन्ही हात डोक्यावर धरा."

बघता बघता तिचा चेहरा लालबुंद झाला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. नवसूने धावत येऊन स्वतःच तिचे हात खाली ओढले.

"गाठ गेली नव्हती, छातीच्या हाडामागे लोटली होती," ताई म्हणाल्या. "तिचा मोठा भाग आधीच तिथे आहे आणि श्वासनळी दाबतोय. हात वर केले की जागा आणखी अरुंद होते. नवसूभाऊ, मेंढराची सूज पाण्याची असते. ही वाढलेली ग्रंथी आहे, लेपाने विरत नाही. ती काढावीच लागेल. बहुतेकदा गळ्यातूनच निघते, छाती क्वचितच उघडावी लागते."

"भक्ती कमी पडली हिची," महाराज पुटपुटले.

"आन् मी काय जन्मभर खोकायचंच न्हाई व्हय रं, मुडद्या?" तानूबाईने पट्टा त्याच्या अंगावर फेकला.

ठरल्या तारखेला ऑपरेशन झालं. गाठ गळ्यातूनच निघाली. महाराज हल्ली दुसऱ्या तालुक्यात देव कोपवतात म्हणे.

लोकहो, जो आपला उपचार तपासून बघायलाच मनाई करतो, त्याच्यापुढे माना झुकवू नका. गळ्याला गाठ आली तर डॉक्टरला दाखवा. कुणा बाबाच्या हाताने ती दिसेनाशी झाली, तर त्याहून लवकर दाखवा.