तपासणीआधीचे आठ दिवस

"बाई, तुम्ही जरा बाहेर बसता?" डॉक्टरबाई म्हणाल्या. मी उठले, तर ह्यांनी माझा हात धरला. "राहू दे तिला." दोन वर्षांत माझा हात धरायची ही पहिलीच वेळ, तीही भीतीपोटी.

हे क्रेन चालवतात. वर्षातून एकदा तपासणी होते आणि रक्तदाब जास्त निघाला, तर क्रेनवर चढू देत नाहीत. मी रोज सकाळी ह्यांच्या डब्यात दाबाची गोळी ठेवायचे. ती हे क्रेनवरून खाली भिरकावून द्यायचे, आणि तपासणीआधीचे आठ दिवस तेवढे नेमाने घ्यायचे. यंदा तपासणी न सांगता झाली. वरचा दाब एकशे नव्वद. पितळ उघडं पडलं.

"गोळ्या का सोडल्या?"

"त्या घेतल्यावर... बायकोजवळ... जमत नाही. दोन वर्षं झाली."

"गोळ्या सुरू व्हायच्या आधी जमत होतं?"

हे फरशीकडे बघत म्हणाले, "नाही. तेव्हाही नाही."

"मग गोळीच्या नावाने कशाला खडे फोडता? दाब चढलेला राहिला की रक्तवाहिन्या कडक होतात, अरुंद होतात. रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून ताठरता येत नाही. काही गोळ्यांनीही असा त्रास होतो, पण त्या बदलता येतात. आधी दाब ताब्यात आणू, साखर आणि हृदय तपासू. सिगारेट बंद. मग यावरही औषध देता येईल. पण मनाने दुकानातून आणायचं नाही. छातीत दुखण्याच्या काही औषधांबरोबर ते जिवावर बेततं."

"म्हणजे यावर उपाय आहे?" ह्यांचा चेहरा खुलला. माझ्या मात्र अंगाची आग होत होती.

जवळ गेलं की कूस बदलणाऱ्या नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, असंच मी धरून चालले होते. माझी धाकटी बहीण ह्यांच्याच यार्डात हजेरी लिहिते. दोघं एकाच स्कूटरवरून यायची, हसत. एक दिवस मी तिला भरल्या ताटावरून उठवलं. "माझंच घर सापडलं का गं तुला?" ती ह्यांच्याकडे बघत राहिली. हे जेवत राहिले.

दवाखान्याच्या जिन्यात मी विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो?"

"आमच्यात काही नाही, एवढं तरी!"

"मग तू विचारलं असतंस, 'ते नाही, तर मग माझ्यापासून लांब का राहता?'" ह्यांचा आवाज खाली गेला. "बाहेरख्याली म्हटलेलं परवडलं मला. ते दुसरं नको होतं."

रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ह्यांनी माझ्या बहिणीचा बळी देऊन आपली मर्दानगी राखली होती, आणि सुरी माझ्या हातात दिली होती.

"चला."

"कुठे?"

"तिच्याकडे. तुम्ही सांगायचं तिला."

"अगं, मेहुणी आहे ती. तिला हे सांगू?"

"हेच सांगायचं."

आले, पण तिच्या दाराच्या चार पायऱ्या खालीच थांबले. मीच पुढे होऊन बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून तिचा आवाज आला.

नुसतं 'मी' म्हणायचं होतं. तेही तोंडातून निघेना.