बिअरच्या हंड्याला चढत नाही

"हंडेदादा, जन्मभर बिअर उकळलीत, तुम्हाला कधी चढली नाही का हो?"

मित्रांनो, हे मला विचारलं मालकांच्या लेकीने, भिंगरीने. हंड्याशी बोलून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती आणि त्या दाराआड फिदीफिदी हसत होत्या.

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मला चढणार कशी? माझ्यात उकळतं ते नुसतं जवाचं गोड पाणी. नशा येते ती पुढच्या टाकीत, आंबल्यावर. बदनामी मात्र माझी!

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. इथली कापडगिरणी बंद पडली तेव्हा भिंगरीच्या आईबाबांनी गिरणीच्याच रिकाम्या गोदामात मला चुलीवर चढवलं. लोक म्हणाले, "चार दिवसांचं खूळ!" पण मी हटलो नाही. माझ्यासाठी आसपास जव पिकू लागले. बाटल्यांच्या खोक्यांसाठी सुताराचा रंधा पुन्हा फिरू लागला, लेबलांसाठी छापखाना जागा झाला. जवाचा उरलेला ओला चोथा गवळणमावशीच्या गायी मिटक्या मारत खात. येणारा-जाणारा कौतुकाने माझ्या पोटावर टिचकी मारी.

मग स्टीलची चकचकीत टाकी आली आणि मी अंगणात. हिरवा पडलो. माझ्यात मांजर झोपू लागलं.

आता एका बड्या कंपनीला आमच्या बिअरचं नाव हवं होतं. बिअर बनणार दूर शहरात, इथे कुलूप. आईबाबांनी हे गुपित ठेवलं, पण मावशीला तेवढं सांगून बसले, "पुढच्या महिन्यापासून चोथा नाही." झालं! चोथा नाही म्हणजे बिअर नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

भिंगरी माझ्या उत्तराची वाट बघत होती, तेवढ्यात मावशी फाटकातून कडाडली, "मग माझ्या गायींनी काय तुमच्या नावाची पाटी चाटायची?"

दाराआडचं हसू थांबलं. त्यातली एक मावशीची लेक, दुसरी सुताराची.

आवाज ऐकून आईबाबा बाहेर आले. आई हळूच म्हणाली, "आम्ही दमलो गं. आमच्यामागे हे बघणार कोण?"

भिंगरीने मांजर उचलून मैत्रिणीच्या हातात दिलं, बाह्या सरसावल्या आणि लिंबू-मीठ घेऊन मला घासायला लागली. मित्रांनो, कामाची वस्तू अडगळीत टाकली, की तिच्यावर जगणारी माणसंही हळूहळू अडगळीत जातात. मला घासा, तापवा, राबवा! हिरवं पडायला मी घडलेलो नाही.

माझ्या पोटात स्वतःचा चेहरा लख्ख दिसला, तशी ती वळली.

"मावशी, चोथा मिळेल. आई, बाबा, कंपनीला नाही म्हणून सांगा. बारावीनंतर मी बिअर बनवण्याचंच शास्त्र शिकणार आणि इथेच परत येणार. तोवर चूल विझू द्यायची नाही. ठरलं!"