बारा महिन्यांचं कुलूप

अनुदान मंडळाच्या सभागृहात दुपारी दोघी बहिणींतल्या थोरलीचा सत्कार होता. विंचू चावलेल्या तान्ह्या मुलांना औषध नेमकं किती द्यायचं, हे तिने मंडळाच्या पैशावर सहा वर्षं खपून शोधलं होतं. लेख नावाजलेल्या नियतकालिकात आला, मग काय विचारता! पहिले बारा महिने मात्र तो पैसे भरणाऱ्यांनीच वाचायचा. मंडळाच्या नियमाला ते चालत होतं. अर्जावर 'लगेच सर्वांसाठी खुला' असाही चौकोन होता, पण तिथे खूण करणाऱ्याला मंडळात विचारतो कोण? सगळे करतात तेच तिनेही केलं: बारा महिन्यांच्या चौकोनात खूण. फोन बंद करून ती व्यासपीठावर जाऊन बसली.

त्याच वेळी दूरच्या एका लहानशा दवाखान्यात विंचू चावलेली गवंड्याची दीड वर्षाची पोर घामाने निथळत होती. तिथली नर्स म्हणजे थोरलीची धाकटी बहीण. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर लेख शोधला. सारांश उघडला, 'मात्रा दुसऱ्या तक्त्यात' एवढं दिसलं, आणि पुढे पैसे मागणारी पाटी.

"अहो डॉक्टर, ही तर माझी ताई!" धाकटी फोन लावत सुटली. उचलणार कोण? डॉक्टरांनी भीतभीत अंदाजाने औषध दिलं. ते कमी पडलं.

संध्याकाळी थोरली हसतच फोनवर आली. "अगं, किती फोन! सत्कार होता माझा."

"पोर गेली, ताई." धाकटीने सगळं सांगितलं. "बाप विचारतोय, औषध किती द्यायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं का? काय सांगू त्याला?"

हातातला हार थोरलीला नकोसा झाला. त्याच रात्री तिने दुसरा तक्ता हाताने उतरवून धाकटीला पाठवला, आणि पत्ता मिळेल त्या प्रत्येक दवाखान्याला.

आठवड्याने मंडळाच्या अध्यक्षांनी नव्या अनुदानाचा करार तिच्यापुढे सरकवला. बारा महिन्यांचं कलम होतं तिथेच होतं.

"हे कलम काढा. सगळ्यांच्याच करारातून."

"अहो बाई, नियम आहे तो. आणि तुम्ही तक्ता वाटत सुटलाय म्हणे. हक्क नियतकालिकाचे आहेत, अंगाशी येईल."

"येऊ दे." तिने पेन खाली ठेवलं. "नियम तुम्ही केलात, खूण मी केली. आता त्या बापाला पत्र लिहायचंय. सांगा, काय लिहू?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.