शिंप्याच्या पडद्यामागचे तिघे

खात्यात तिला सगळे गाळणी म्हणत. बाहेरून जे जे ऐकून, पाहून, हुंगून यायचं ते तिच्या टेबलावर पडायचं. चोथा बाजूला काढून रस तेवढा साहेबांकडे पाठवायचा, हे तिचं काम. माहिती आणणाऱ्या शाखा तीन. तिघींचे खबरे वेगळे, आणि एकीचा खबऱ्या कोण हे दुसरीला कळता कामा नये. उजव्या कानाने ऐकलेलं डाव्याला सांगायचं नाही, अशी शिस्त. खबऱ्यांनाही ताकीद असे: बायकोला सांगू नका, देवाला सांगू नका, आणि अहवालात स्वतःला तर चुकूनसुद्धा घालू नका.

त्या दुपारी साहेब हात चोळतच आले.

"गाळणीबाई, मासा गळाला लागला! पुलाजवळच्या शिंप्याकडे दर गुरुवारी पडदा ओढून बैठक बसते. तिन्ही शाखांनी वेगवेगळं कळवलंय. एकाने सांगितलं तर वावडी, दोघांनी सांगितलं तर बातमी, तिघांनी सांगितलं तर धाड! संध्याकाळी माणसं पाठवतो. गादी-उशी सगळं उसवून काढतील. तुमची सही तेवढी हवी."

गाळणीने सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. पुलाजवळचा शिंपी म्हणजे तिचा सख्खा मामा. तिचे लहानपणचे सगळे झगे त्याच्याच हातचे. एकदा धाड पडली की काही सापडो न सापडो, त्या गल्लीत मामाकडे पुन्हा कापड कोण टाकणार? लोकांच्या तोंडाला काही काजं-बटणं नसतात.

तिने अहवाल उघडले. पहिल्यात 'बैठकीत ऐकलेला सांकेतिक मजकूर' म्हणून दोन ओळी होत्या:

सुई गेली पुढे बाई, दोरा तिच्या मागे,
जिथे जिथे फाटलं जग, तिथे दोघं जागे.

खाली कुणा हुशार माणसाने उलगडा केला होता: सुई म्हणजे हेर, दोरा म्हणजे दारूगोळा, फाटलेली जागा म्हणजे सरहद्द.

तिने ओठ दाबून धरला. झग्याची झालर शिवताना मामा मशीनच्या तालावर हेच गायचा, आणि ती कापडाच्या चिंध्यांत झोपून जायची. पण खात्यात मायेला पुरावा म्हणत नाहीत. जे शोधायचं ते कागदातच.

तिने तिन्ही अहवाल शेजारी शेजारी मांडले. पहिल्यात शिंपी, मिशीवाला आणि काठीवाला. दुसऱ्यात शिंपी, काठीवाला आणि टोपीवाला. तिसऱ्यात शिंपी, टोपीवाला आणि मिशीवाला. तिने पुन्हा वाचलं. घरच्या फोटोत फोटो काढणारा कधी दिसत नाही, तसं काहीतरी होतं. आणि एकदम तिला हसूच फुटलं.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, आधीच सांगते, शिंपी माझा मामा आहे. म्हणून माझं ऐकू नका, कागदांचं ऐका."

साहेबांच्या भुवया चढल्या. "मामा?"

"सख्खा. आता बघा. पहिल्या अहवालात टोपीवाला नाही. दुसऱ्यात मिशीवाला नाही. तिसऱ्यात काठीवाला नाही. जो ज्या अहवालात नाही, तो अहवाल त्यानेच पाठवलाय. पडद्यामागे शिंपी सोडला तर सगळे आपलेच खबरे आहेत, साहेब. एकमेकांवर नजर ठेवून बसलेत."

"कशावरून?"

"विचारा की शाखांना."

साहेबांनी दुसरा अहवाल पाठवणाऱ्या शाखेला फोन लावला. "काय हो, तुमच्या शिंप्याकडच्या माणसाला मिशी आहे का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग खालच्या आवाजात उत्तर आलं, "साहेब, आम्ही माणूस सांगत नसतो. पण... तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

साहेबांनी फोन ठेवला. कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे आपण आपल्याच शेपटीमागे पळतोय!"

"वाघ समजून, साहेब."

धाड रद्द झाली. पण तिघांना सांगणार कोण? एकाला सांगावं तर दुसरा उघडा पडतो. तेव्हा चाललंय ते चालू द्यावं असं ठरलं.

गुरुवारी गाळणी एक तुटलेलं बटण घेऊन मामाकडे गेली. पडदा ओढलेला होता आणि आत चार बेसूर आवाज सुईमागे दोरा ओढत होते. तिने पडदा सारताच गाणं गपकन थांबलं. टोपी, मिशी, काठी तिघेही शाळेत पकडलेल्या पोरांसारखे लाजले.

"ये गं बाळे," मामा म्हणाला. "हे माझे शिष्य. रिटायर झाल्यावर गाण्याची हौस आलीय. कुणी बघितलं की आवाज बसतो, म्हणून पडदा. आण ते बटण. आणि ऑफिसात काय करतेस गं दिवसभर?"

"काही नाही मामा. गाळते."

मामाने सुईत दोरा ओवला. तिघे मात्र तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळत होते.

सोमवारी तीन शाखांकडून तीन अहवाल आले: बैठकीत एक अनोळखी बाई, हातात बटण, हेतू संशयास्पद. या खेपेस तिघांचं वर्णन अगदी तंतोतंत जुळत होतं.

गाळणीने शेरा मारला, 'माहिती खरी', आणि तिन्ही कागद साहेबांकडे पाठवून दिले.