डोंगरावर नदीचे दगड

"मावशी, इथे तर काहीच नाही," मोजणीदार म्हणाला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं आणि हातातल्या फळीला लावलेल्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "वहिवाटीची खूण, असा रकाना आहे. बांध, कुंपण, विहीर, घराचा चौथरा, काहीही चालेल. निदान एखादं झाड तरी तोडलेलं दाखवा."

"झाड कशाला तोडू?" अर्जवाली म्हणाली.

"म्हणजे तुम्ही इथे येता हे मला लिहिता येईल."

"साहेब, इथे ससे येतात," सावलीत टेकून बसलेला खाणीचा मुकादम म्हणाला. "त्यांचाही एक अर्ज घेऊन टाका."

"ससे खाऊन उघडं टाकून जातात बाबा," अर्जवालीच्या मोठ्या जावेने बसल्या जागेवरून उत्तर दिलं. "आम्हांला आईने तसं शिकवलं नाही."

मोजणीदाराला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. अर्जवालीला मात्र हसू आलं नाही. तिचं लक्ष त्या कोऱ्या रकान्यावर होतं. तो आज कोरा राहिला तर डोंगर दगडखाणीला जाणार होता. खाणीचा नकाशा तयार होता, यंत्रं पायथ्याच्या रस्त्याला येऊन उभी होती, आणि मोजणीच्या वेळी आपला माणूस हजर असावा म्हणून खाणीने हा मुकादम धाडला होता. त्याच्या पापण्यांवर बसलेली दगडाची पांढरी भुकटी धुतली तरी जात नसावी.

एकतीस वर्षं ती अर्ज करत होती. त्यापायी तिचं मूळ नाव मागे पडलं आणि वस्तीत, बसमध्ये, कचेरीत सगळीकडे ती अर्जवाली झाली. तिच्या माहेरची आणि सासरची माणसं एकाच वस्तीतली, डोंगराच्या कुशीतली. डोंगरावर कुणी घर बांधलं नाही की नांगर घातला नाही. डोंगर म्हणजे वस्तीची कोठी. खाली शेतातलं धान्य सरलं की बाया टोकदार काठ्या घेऊन वर जात आणि कंद काढून आणत. वस्तीतलं प्रत्येक मूल वर्षातले तीन महिने डोंगराने पोसलेलं होतं.

कंद काढायचा तो नेमाने. कंबरेइतका खड्डा करायचा, कंद उचलायचा, पण त्याचं डोकं कापून परत मातीत ठेवायचं, म्हणजे तो पुन्हा धरतो. डोकं ठेवण्याआधी खाली एक चपटा दगड घालायचा, म्हणजे कंद खोल न जाता आडवा पसरतो आणि पुढच्या बाईची कंबर वाचते. मग ज्याच्यामुळे या वर्षी तोंडात घास पडला त्याचं नाव घ्यायचं, माती ओढायची, वर पाचोळा पसरायचा आणि डहाळीने आपली पावलंसुद्धा पुसत उलटं चालत यायचं. तिची आई हे करताना गुणगुणायची:

ज्यानं दिला घास बाई, त्याचं घ्यावं नाव,
वर माती ओढ बाई, दिसू नये घाव.

लहानपणी एकदा तिने बुजवलेला खड्डा आईलाच सापडला नव्हता. त्या दिवशी आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. तो हात तिला अजून आठवत होता. आणि त्याच नीटसपणामुळे रकाना कोरा राहत होता. चार वेळा कचेरीचं पत्र आलं, चारही वेळा त्यात एकच ओळ: प्रत्यक्ष पाहणीत वहिवाटीची खूण आढळली नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण ती ओळ दिसली की पाहुण्याला लांबून चालीवरून ओळखावं तशी ओळखता यायची.

याआधी पाहणीला येणारे पायथ्याशी गाडी उभी करून वर नजर टाकून जायचे. हा मोजणीदार पहिलाच, जो चढून वर आला. त्याचेच तिला उपकार वाटत होते. आता तो कागद गुंडाळायला लागला, तेव्हा तिने शेजारची काठी उचलली.

"थांबा साहेब. उघडून दाखवते."

"अगं ए," मोठी जाऊ गुडघ्यावर हात देत उठली. "कंद अजून धरतोय. आत्ता उघडायचा नसतो."

"माहीत आहे."

"माहीत असून?"

"जाऊबाई, डोंगरच राहिला नाही तर पुढच्या हंगामाला काय उघडणार?"

मोठ्या जावेने पदर खोचला आणि दुसरी काठी घेतली. दोघींनी मिळून अर्जवालीची स्वतःची जागा खणली. हाताएवढा कोवळा कंद लागला. त्याच्याखाली हात घालून तिने दगड काढला आणि मांडीवर पुसून मोजणीदाराच्या हातात दिला.

"हा नदीतला आहे," ती म्हणाली. "हंगामाला येताना एकेक बाई एकेक दगड डोक्यावर घेऊन चढते. डोंगराचा दगड काळा आणि अणकुचीदार, कंदाला टोचतो. हा गुळगुळीत असतो."

मोजणीदाराने दगड उलटासुलटा करून पाहिला. "मला दगडातलं कळत नाही," तो म्हणाला. मग त्याने सावलीकडे तोंड वळवलं. "मुकादम, तुमचं आयुष्य दगडात गेलं. हा इथला आहे का?"

मुकादम सावकाश उठून आला. त्याने दगड हातात घेतला, वजन तोललं, अंगठा फिरवला, नखाने टिचकी मारून कानाशी धरला.

"इथला नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण साहेब, नुसता दगड आहे. गेल्या आठवड्यातसुद्धा आणून पुरला असेल."

"तेही खरंच," मोजणीदार म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "पन्नास वर्षांची वहिवाट लागते, मावशी. जुनी एखादी जागा आहे का?"

होती. अर्जवालीला ती डोळे मिटूनही सापडली असती. पण गेलेल्या बाईची जागा कुणी उकरायची नाही. तिने ठेवलेलं तिच्यापाशीच राहू द्यायचं. आईला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती आणि तिची जागा ज्या झाडाखाली होती, त्याला ती दरवेळी वळसा घालून गेली होती. पहिला अर्ज तिने आई गेल्याच्या पुढच्या वर्षी केला. खाणीने तेव्हा शेजारचा डोंगर घेतला होता, आणि आता तिथे डोंगर नव्हता, पाण्याने भरलेला खड्डा होता.

ती झाडाकडे चालू लागली, तेव्हा मोठ्या जावेला कळलं. जाऊ मागोमाग आली, पण काठी न घेता.

"तिला काय सांगशील?" तिने हळूच विचारलं.

"सांगेन, की तुझी साक्ष काढली."

तिने काठीने खणलं नाही. हातांनी माती बाजूला केली, निजलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी. आईने इथे दगड ठेवला तेव्हा अर्जवाली लहान होती आणि झाड मनगटाएवढं होतं, आता दोन हातांत मावत नव्हतं. कंद कधीच संपून गेला होता. दगड होता. तांबूस, पसाभर. बाकी बाया हाताला येईल तो दगड उचलायच्या, आई मात्र नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहून तांबूसच शोधायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. अर्जवालीने दगड काढायला बोटं खाली घातली, पण तो हलेना. झाडाचं एक जाड मूळ त्याच्यावरून जाऊन, खालून वळून पुन्हा वर आलं होतं. दगड मुळाच्या मुठीत होता.

कितीतरी वेळ ती त्या दगडावर नुसता हात ठेवून बसली. अर्ज केले नसते तर ही जागा तिने जन्मात उघडली नसती, आणि आईचा हा दगड तिला पुन्हा दिसला नसता.

मुकादम कधी शेजारी येऊन उकिडवा बसला ते तिला कळलं नाही. त्याने मुळाची जाडी चार बोटांनी मोजली. मूळ दगडात रुतलं होतं तिथली खाच पाहिली. मग त्याने पायथ्याकडे पाहिलं, जिथे त्याची यंत्रं उभी होती.

"साहेब, लिहा," तो म्हणाला. "दगड नदीचा. मूळ त्याच्यावरून वाढलंय, दगड मागून घुसवलेला नाही. पन्नास वर्षं सहज. जास्तच."

"तुम्ही खाणीच्या बाजूने आलाय," मोजणीदार म्हणाला. "लिहिलं तर खाली तुमची सही लागेल."

"दगडाबद्दल विचारलंत. दगडाबद्दल मला खोटं बोलता येत नाही."

त्याने सही केली. पेन परत देताना अर्जवालीकडे न बघता म्हणाला, "सशांचं बोललो, ते मनावर घेऊ नका."

"ससे आमचेच आहेत," ती म्हणाली.

मोठे साहेब येऊन पाहीपर्यंत खड्डे बुजवायचे नाहीत, असं मोजणीदाराने बजावलं. मग वस्तीतल्या बायांनी आणखी तेवीस जागा उघडल्या, आणि दीड महिना डोंगर तसाच उघडा राहिला. ते दिवस तिला जड गेले. भाकरी थापताना, पाणी भरताना तिला ते खड्डे दिसायचे. पाहुण्यांसमोर घरातली माणसं अर्ध्या कपड्यांत उभी राहावीत तसं तिला होई. साहेब आले, त्यांनी फोटो काढले, गेले.

निकालाच्या दिवशी ती नेहमीच्या बसने गेली. कंडक्टरने पुढची जागा तिच्यासाठी धरली होती, जशी तो गेली अकरा वर्षं धरत होता. बस भरलेली असली तर तो म्हणायचा, "उठा, तिथे डोंगर बसणार आहे." कचेरीत शिपायाने खुर्ची आणून दिली. "आज साहेब जेवून बसलेत, घाई करू नका," तो म्हणाला. साहेब कधी रागात असतात, कधी नसतात, याचं सगळं पंचांग त्यानेच तिला शिकवलं होतं. हातात कागद आला तो घेऊन ती जिन्याखालच्या टंकलेखकाकडे गेली. तिचा प्रत्येक अर्ज त्याने टंकला होता. "मावशी, तुझ्या वहिवाटीपायी माझ्या यंत्राचा 'व' झिजला," असं तो दरवेळी म्हणायचा.

आज त्याने चष्मा लावून कागद एकदा मनाशी वाचला. मग मोठ्याने वाचला. डोंगरावर वस्तीचा सामूहिक हक्क मान्य करण्यात येत आहे.

"ती ओळ कुठे आहे?" तिने विचारलं.

"कोणती?"

"खुणेची."

त्याने बोट ठेवलं. "प्रत्यक्ष पाहणीत वहिवाटीची खूण आढळली."

ती त्या ओळीकडे पाहत राहिली. शेवटचा शब्द गेल्याने ओळ आखूड झाली होती. टंकलेखकाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"आता माझ्याकडे कशाला येशील तू," तो म्हणाला.

"चहा प्यायला येईन की," ती म्हणाली. मग दोघांनी तिथेच जिन्याखाली चहा घेतला, आणि शिपाईही येऊन उभ्या उभ्या प्यायला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने सांगितलं, की मुकादमाला खाणीने काढून टाकलं. तो बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला गेला म्हणे. तिने कागद पिशवीत नीट ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगर चढली. वस्तीतल्या बाया बरोबर होत्या. मोठी जाऊ वाटेत दोनदा बसली, पण वर पोचली.

"बुजवलं तर उद्या दुसरा कोणी येईल आणि म्हणेल, इथे काही नाही," जाऊ म्हणाली.

"म्हणू दे. आता कागद उघडा आहे. मातीला झाकून घेऊ दे."

बाया आपापल्या जागी गेल्या. अर्जवालीने स्वतःच्या खड्ड्यात दगड ठेवला, त्यावर कंदाचं डोकं ठेवलं आणि टंकलेखकाचं नाव घेतलं. मग शिपायाचं. मग कंडक्टरचं. चढून वर आलेल्या मोजणीदाराचं. एरवी एका जागेला एकच नाव पुरतं, या वर्षी एवढी झाली की जाऊ म्हणाली, "अगं, कंद गुदमरेल."

शेवटी ती आईच्या झाडापाशी गेली. तांबूस दगडावरून आणि त्याला धरून असलेल्या मुळावरून तिने एकदा हात फिरवला. मग मुकादमाचं नाव घेतलं.

"खाणवाल्याचं?" जावेने विचारलं. "इथे?"

"घास त्याच्याच तोंडचा गेला."

मग जावेनेही मूठभर माती टाकली.

वर पाचोळा पसरून झाल्यावर अर्जवालीने पिशवी काखेला मारली, एक पानांची डहाळी उचलली आणि आपली पावलं पुसत उलटी चालू लागली. जावेचीही पुसली. वाटेला लागेपर्यंत पुसत आली. तिथून तिने मान वर करून पाहिलं. झाडाखाली उन्हाचे कवडसे पडले होते. तिथे कधी कुणी आलंच नव्हतं.