काळे डाग

"उघडा की, सुईवाले! सगळ्यांना बघू द्या," संचालक म्हणाले.

संग्रहालयाच्या कार्यशाळेत बसून दगडातले जीवाश्म सुईनं मोकळे करण्यात जन्म गेलेला, म्हणून ते सगळ्यांचे सुईवाले. आज निवृत्ती. त्यांनी खोक्यावरचा चकचकीत कागद काढला. आत पेनस्टँड. पितळी पट्टीवर त्यांचं नाव आणि मधोमध वॉर्निश फासलेला ट्रायलोबाइट, किड्यासारख्या प्राचीन समुद्री जीवाचा जीवाश्म.

त्यांनी तो लगेच ओळखला. त्याची डावी कड त्यांच्याच सुईनं किंचित दुखावली होती.

"ही... ती मोठी लादी कापलीत?"

"तीच! तुमची मेहनत तुमच्याच घरी. उरलेले दोन पाहुण्यांना द्यायला होतील."

"आणि स्पंज?"

"कुठले स्पंज? ते काळे डाग होय? ते टेबलावर काय शोभणार!"

टाळ्या पडल्या.

त्या लादीत पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ होता. झुडपांसारखे वाढणारे स्पंज हे समुद्री जीव चिखलात आडवे झालेले, त्यांच्या बुडाशी तीन ट्रायलोबाइट. सगळे एकाच गाळाखाली गाडले गेले होते. तो शेजार सुईवाल्यांनी कणाकणानं उघडा केला होता.

वॉर्निशचा वास नाकात बसला. कुणीतरी तोंडात केक कोंबला. क्रीम टाळूला चिकटलं. संचालकांचा घामट हात खांद्यावर पडला. तो झटकून टाकावासा वाटला, पण समोर फोटो काढणं चाललं होतं. सुईवाले दात दाखवून उभे राहिले. स्वतःच्या त्या हसण्याचीच त्यांना सगळ्यात जास्त किळस आली.

"अहो, काय झालं?" बायकोनं हळूच विचारलं.

"बाहेर चल."

तिनं पेनस्टँड पिशवीत टाकला आणि मागोमाग आली. मागच्या दाराशी कचऱ्याचं पिंप होतं. वर खरकट्या कागदी बशा, खाली कापलेल्या लादीच्या करड्या दगडाचे तुकडे. त्यांनी बाही सारून हात घातला. गिळगिळीत काहीतरी कोपरापर्यंत लागलं. त्यांना उमासा आला.

"सरका तुम्ही," बायको म्हणाली. "कसे दिसतात तेवढं सांगा."

"काळसर. बारीक जाळी असते त्यात."

तिनं दोन्ही हात आत घातले. चाचपून एक तुकडा वर काढला.

"हा?"

"हाच. पाण्यानं धुऊ नकोस, पापुद्रे सुटतील."

आत माइकवरून त्यांना भाषणासाठी बोलावत होते. पुन्हा पुकारलं. पिंपावर वाकून बायको नखानं क्रीम खरवडत होती.

"हळू," सुईवाले सांगत होते. "कडेकडेनं घे. मध्ये बोट लावू नकोस."